गार पाण्याची गाडी

बारामतीत भिगवण रस्त्याला सोनबाचं दुकान आहे. दुकान म्हणजे चार पत्रे, एक भट्टी आणि पाण्यानं काठोकाठ भरलेला सिमेंटचा हौद. गळका रेडिएटर आला की सोनबा त्याची तोंडं रबरानं बंद करतो, हौदात बुडवतो आणि पंपानं हवा मारतो. जिथून बुडबुडा येईल तिथं गळती. तिथं कथलाचा डाग द्यायचा, पुन्हा बुडवायचा. वीस वर्षं हेच. दुकानाला पाटी नव्हती. कुणी विचारलं तर म्हणायचा, "पाटी कशाला? गाडीतनं वाफ निघाली की डायवर आपुआप हितं येतोय."

या माणसाचे आमच्या घरावर उपकार आहेत. तोंडावर सांगायला गेलं तर तो "व्हय व्हय, च्या टाका" म्हणून उडवून लावतो. म्हणून लिहून ठेवते.

सुरुवात माझ्या सासऱ्यांपासून करावी लागेल. त्यांचं नाव धोंडीबा लोंढे, पण घरात आणि डेपोत सगळे त्यांना तात्या म्हणतात. बत्तीस वर्षं एसटीचे ड्रायव्हर होते, त्यातली निम्मी भिगवणमार्गे बारामती–इंदापूर गाडीवर. तात्यांच्या वडिलांनी जन्मभर कागदावर अंगठा लावला. लोंढ्यांच्या घरात सही करणारा पहिला माणूस तात्या. आणि सही तरी कशी? ‘धोंडीबा’ एवढंच, पण वरची रेघ अशी लांबलचक की नावाच्या आधी सुरू व्हायची आणि नावानंतरही बोटभर पुढं जायची. सोनबा त्या रेघेला बसचा टप म्हणायचा.

अठ्ठ्याण्णवच्या डिसेंबरात तात्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय महिनाभरात बरा झाला, काठी घेऊन चालायला लागले. जीभ थोडी जड राहिली. उजवा हात मात्र वाळत घातलेल्या टॉवेलसारखा नुसता लोंबत राहिला. डॉक्टर म्हणाले, जे काही परत यायचं ते पहिल्या वर्षभरातच येईल, हात चालू ठेवा. दाबायला एक रबरी चेंडू दिला. तात्यांनी तो खाटेखाली सरकवला. "मी काय ल्हान पोर हाय का?"

जानेवारीत मी त्यांना पेन्शन काढायला बँकेत घेऊन गेले. पेन हातात धरवेना. खिडकीमागचा माणूस सज्जन होता, त्यानं हळू आवाजात, कुणाला ऐकू जाणार नाही असं, "चालतं तात्या" म्हणत शाईचं पॅड पुढं केलं. तात्यांनी पॅडकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि काठी वाजवत बाहेर पडले. रिक्षात एवढंच बोलले, "माझा बाप अंगठा लावत हुता. मी लावनार न्हाय."

त्यानंतर ते बँकेत गेले नाहीत. माझे यजमान सुमित नोकरीनिमित्त पुण्यात असतात, ते रविवारी आले की समजावायचे, पैसे कुठं पळून जात नाहीत, पण हाताचं बघा. तात्या भिंतीकडे तोंड करून पडायचे. हात बरा होणार नाही हे त्यांनी मनाशी ठरवूनच टाकलं होतं, आणि वर्ष तर चालू झालं होतं.

आमच्या घरात मागच्या बाजूला पत्र्याची एक खोली आहे. तिथं माझी नणंद दिशा हिचा कॉम्प्युटर असे. दिशा कॉम्प्युटरच्या डिप्लोमाला तिसऱ्या वर्षाला. पुण्यातून एकेक सुटा भाग आणून तिनं तो स्वतः जोडलेला. अभ्यासाला म्हणून जोडला हे खरं, पण त्यावर ट्रक चालवायचा एक गेम होता, आणि पुण्यातल्या मैत्रिणीकडून आणलेलं एक जुनं खेळण्यातलं स्टिअरिंग टेबलाला आवळलेलं होतं. फेब्रुवारीतल्या एका दुपारी ती तो ट्रक पळवत होती. आवाज ऐकून तात्या काठी टेकत दारात येऊन उभे राहिले. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "वळनात शिरल्यावर बिरेक मारती व्हय? अगुदर गिअर टाक."

"तुम्हीच दाखवा मग," दिशा म्हणाली आणि उठली.

तात्या बसले. डाव्या हातानं उजवा हात उचलून त्यांनी स्टिअरिंगवर ठेवला, जसं एखादं जिन्नस फळीवर ठेवावं तसा. तो घसरला. पुन्हा ठेवला. मला म्हणाले, "डावा गिअरला लागतो. उजव्याला हितंच ऱ्हावं लागतं." त्या दिवशी अर्धा तास तो हात स्टिअरिंगवर राहिला. चेंडूनं जे दोन महिन्यांत झालं नव्हतं ते.

उठताना त्यांनी विचारलं, "लॉगशीट कुठाय?"

ड्रायव्हरनं गाडी डेपोत लावली की फेरी, वेळ, गाडीत काही बिघाड असेल तर तो, हे सगळं लिहून खाली सही करायची असते. ते केल्याशिवाय तात्या बत्तीस वर्षांत घरी आले नव्हते. मी दोनशे पानी वही घेतली, पट्टीनं रकाने आखले. दिनांक, फेरी, वेळ, बिघाड, ड्रायव्हरची सही. त्या दिवसापासून मी त्यांची कंडक्टर झाले. पडद्यावर परदेशातले रस्ते आणि सुरूसारखी झाडं असायची, पण तात्या "ही भिगवनची चढन" म्हणाले की मी बारामती–इंदापूर असंच लिहायची. सगळे रकाने मी भरायची. शेवटचा रकाना आला की वही त्यांच्यापुढं करायची. ते रकान्याकडे बघायचे आणि डाव्या हातानं वही मिटायचे.

मार्च संपला आणि खोलीचा पत्रा तापायला लागला. कॉम्प्युटर पंधरा-वीस मिनिटं चालायचा आणि चित्र जागच्या जागी थिजायचं. दिशानं मला समजावून सांगितलं. या गेमसाठी प्रोसेसर कमी पडत होता, गाडी गचके देत चालायची, म्हणून तिनं तीनशे मेगाहर्ट्झ वेगाचा प्रोसेसर साडेचारशेवर पळवला होता. थंडीत ते खपून गेलं. आता त्याच्या डोक्यावरचा इवलासा पंखा पुरत नव्हता. आम्ही झाकण काढून टेबलफॅन लावला, तर गरम हवेवर गरम हवा. पुढच्या खोलीत नेऊन पाहिला, तिथं पाच मिनिटं जास्त चालला इतकंच. तिनं वेग परत तीनशेवर आणला, तर तात्या दोन मिनिटांत म्हणाले, "ही गचके देती. मानसं उलट्या करतील." वेग वाढवला की थिजायचा.

तिसऱ्यांदा थिजला तेव्हा तात्यांनी डाव्या हातानं उजवा हात स्टिअरिंगवरून उचलला आणि मांडीवर घेतला. "तापलेली गाडी चालवायची न्हाय. इंजिन जाम हुतं." आणि उठले ते उठलेच. दहा दिवस त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. मी विनवण्या केल्या, दिशा रुसली, सुमित रागावले. ते आपले भिंतीकडे तोंड करून. तो हात पुन्हा लोंबायला लागलेला मला दिसत होता. बोटं आत वळायला लागली होती.

एका संध्याकाळी भाजी निवडताना दिशा म्हणाली, "वहिनी, बाहेरच्या देशात हौशी लोक प्रोसेसरवर तांब्याची डबी बसवतात आणि तिच्यातून पाणी फिरवतात. मासिकात वाचलंय मी. पाणी गरम होऊन रेडिएटरमध्ये जातं, गार होऊन परत येतं. पण आपल्याकडे ते मिळत नाही."

मला त्यातला एकच शब्द नीट कळला, रेडिएटर. मी म्हटलं, "सोनबाला बोलावू या."

सोनबा दुसऱ्या दिवशी दुपारीच आला. दारातूनच, "राम राम तात्या."

"जयभीम," तात्या भिंतीकडूनच म्हणाले. "का रं आलास?"

"तुमची गाडी तापती म्हनं."

"माझी न्हाय ती. पोरीची हाय."

"असू द्या की. तापलेली गाडी कुनाची का असंना, माझीच."

या दोघांची ओळख भिगवणची. सोनबा मूळचा निरवांगीचा. पंधराव्या वर्षी भिगवणला हायवेच्या हॉटेलात पाणी भरायला लागला. मासळी तळायचं काम दुसऱ्याकडे, याच्याकडे फक्त पाणी. गिऱ्हाइकांना, भांड्यांना आणि वाफाळत येणाऱ्या गाड्यांना. एकदा त्यानं तापलेल्या बसच्या रेडिएटरचं झाकण उघड्या हातानं फिरवलं आणि मनगटापर्यंत भाजून घेतलं. ती बस तात्यांची. त्यांनीच त्याला दवाखान्यात नेलं, आणि नंतर रोज थांबले की शिकवायला लागले, झाकणावर ओलं फडकं टाकायचं, अर्धा आटा फिरवायचा, वाफ जाऊ द्यायची, मग उघडायचं. वाफ जाईपर्यंत वेळ असायचा. त्या वेळात तात्या त्याला बसच्या पाट्या वाचायला लावायचे. बसच्या मागच्या पत्र्यावर खडूनं गिरवून घ्यायचे. बारामती, इंदापूर, लोणी भापकर.

तेवढंच शिक्षण सोनबाचं झालं. आजही तो वर्तमानपत्र वाचू शकत नाही, पण पुणे जिल्ह्यातलं कुठलंही गाव वाचतो. पुढं कोल्हापूरला एका वर्कशॉपमध्ये डाग द्यायचं काम शिकून तो बारामतीत आला, दुकानासाठी बँकेत खातं काढायला गेला, तर सही हवी. स्वतःचं नाव कुठल्याच बसवर लिहिलेलं नसतं. त्यानं पेन घेतलं आणि सगळ्यात चांगलं येणारं गाव लिहिलं. त्याची सही ‘निरवांगी’ आहे. आजतागायत. "सही रोज सारकी आली पायजे," तो म्हणतो, "नाव कुनाचं त्ये कोन बघतंय?"

तर सोनबानं चप्पल काढून पत्र्याच्या खोलीत पाऊल टाकलं. दिशानं कॉम्प्युटरचं झाकण काढलं.

"इंजिन कुटलं?"

तिनं पंखा बाजूला करून बोट दाखवलं. सोनबा वाकला. "येवढं? काडेपेटीयेवढं इंजिन आन् आख्खी खोली तापतीया?"

"काका, बाकी सगळ्याला करंट आहे. एक थेंब जरी पडला ना, तर सगळं जाईल."

"पोरी, माझा धंदाच थेंबाचा हाय."

म्हणाला खरा, पण घाबरला तोही होता. ट्रॅक्टरमध्ये गळालं तर जमिनीवर गळतं. पाणी आणि वीज इतकी जवळजवळ त्यानं कधी बांधली नव्हती. तीन दिवस तो फक्त येऊन बघून गेला. चौथ्या दिवशी एका जुन्या मोटारीच्या रेडिएटरमधला दोन वितीचा तुकडा कापून, त्याला कडेनं पितळी पत्रा लावून घेऊन आला. मग तांब्याची डबी. तिचा तळ आरशासारखा सपाट हवा असं दिशानं सांगितलं होतं, नाहीतर ती प्रोसेसरला नीट टेकणार नाही. सोनबानं माझ्याकडून जुन्या खिडकीची काच मागून घेतली, तिच्यावर पॉलिश पेपर ओला करून पसरला आणि आमच्या ओट्यावर बसून डबीचा तळ घासायला लागला. दोन दिवस घासत होता. मधूनच माझ्यापुढं धरायचा, "वैनी, टिकली दिसती का बगा." माझ्या कपाळावरची टिकली त्या तांब्यात दिसली तेव्हा थांबला.

पहिल्या डबीतून हौदात बुडबुडा आला. ती फेकली. दुसरी चांगली झाली. पाणी फिरवायला वाळ्याच्या कूलरची छोटी मोटर. नळी दिशाला पारदर्शक हवी होती, आत हवा अडकली तर दिसावी म्हणून. गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती नळी सोनबानं आणली. पाणी साठवायला माझी कैरीच्या लोणच्याची प्लास्टिकची बरणी गेली. तिचं झाकण इतकं घट्ट की मी फडकं घेतल्याशिवाय मला उघडत नसे. कितीही धुतली तरी तिला लोणच्याचा वास होताच.

बरणीत भरायला मी कळशी आणली. सोनबानं ओंजळीत घेऊन पाणी चाखलं आणि बाहेर थुंकलं. "क्षाराचं हाय. जाळी बुजंल." बॅटरीत घालायचं पाणी आणलं, तेही चाखलं. "ह्येला चवच न्हाय. बरोबर हाय."

कॉम्प्युटर बंद ठेवून नुसतं पाणी एक दिवस आणि एक रात्र फिरवायचं असं ठरलं. सगळ्या जोडांखाली वर्तमानपत्र पसरलं, थेंब पडला तर कागद सांगेल. सकाळी आम्ही तिघं कागदावर वाकलो. कोरडा. तरी बटण दाबायला दिशाचा हात पुढं जाईना. दोन वर्षं एकेक भाग गोळा केलेला. सोनबा म्हणाला, "तू दाब." ती म्हणाली, "तुम्ही दाबा."

दारातून आवाज आला, "सेल मार की गं."

तात्या काठी घेऊन उभे होते. कधी आले कळलं नव्हतं. दिशानं बटण दाबलं.

सोनबा दोन्ही नळ्यांना हात लावून बसला, रोग्याची नाडी धरावी तसा. दहा मिनिटं. वीस. बाहेर एप्रिलचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं. "जाताना कोमट," तो म्हणाला, "येताना गार." तासाभरानंही तेच. दिशाच्या चेहऱ्यावरचं हसू मी अजून विसरले नाही. तात्यांनी खुर्ची ओढली, डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि स्टिअरिंगवर ठेवला. त्या दिवशी त्यांनी दोन फेऱ्या केल्या, इंदापूर आणि परत. वही पुढं केली, तर शेवटच्या रकान्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग मिटली.

त्यानंतर सोनबा रोज दुकान बंद करून यायचा. नळीला हात लावून बघायचा, मग तात्यांच्या मागं स्टुलावर बसायचा.

"तात्या, जरा हळू. प्याशिंजर हाय मागं."

"तिकिट काडलं का?"

"वैनीनं पास दिलाय."

"मग गप बस. फुकट्यानं डायवरशी बोलू ने."

हात सुधारतोय का, हे मला रोज बघत असल्यामुळं कळत नव्हतं. बोटं वळायची थांबली होती एवढं खरं. जेवताना ते डाव्या हातानंच जेवायचे. सहीचा रकाना चाळीसच्या वर पानं कोराच होता. मी पेन्सिल वहीत ठेवून द्यायची.

मेच्या शेवटी सोनबाच्या पुतण्याचं निरवांगीला लग्न निघालं, तो चार दिवस गावाला गेला. जाताना मला बजावून गेला, "वैनी, रोज कागद बगा." दिशानं तर केव्हाच सांगून ठेवलं होतं की बरणीला तिच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. तिची परीक्षा चालू होती. गुरुवारी ती पेपरला गेली, मी दळण घेऊन गिरणीत गेले. गिरणीत नंबर लांब होता. घरी आले तर तात्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून झोपलेले. मला वाटलं, ऊन लागलं असेल.

संध्याकाळी दिशानं कॉम्प्युटर सुरू केला. दहा मिनिटांत थिजला. पुन्हा केला, पाच मिनिटांत. मोटर घरघरत होती पण पाणी हलत नव्हतं. आणि पारदर्शक नळी आतून पिवळी झाली होती, मातकट पिवळी.

"गंजलं," ती म्हणाली. "आतून गंजलं वहिनी. संपलं." ती तिथंच जमिनीवर बसली. तिनं सगळ्या वायरी काढल्या आणि त्या दिवशी जेवली नाही. तात्याही जेवले नाहीत. मला सारखं वाटत होतं, आता हे पुन्हा खोलीत पाऊल टाकायचे नाहीत.

मी निरवांगीच्या गाडीच्या कंडक्टरजवळ निरोप दिला. शनिवारी सकाळी सोनबा लग्नाचा फेटा पिशवीत घालून हजर. त्यानं नळी काढली, डबीचं तोंड खाली केलं. पिवळा चिखल कागदावर पडला. त्यानं नाकाजवळ नेला. मग सवयीप्रमाणं बोटाला लावून चाखला.

"वैनी, ह्यो गंज न्हाय. ह्ये आमटीत घालायचं हाय."

दिशाला कळेना. मला कळलं. आमच्या बाजूला ड्रायव्हर लोक आडरानात रेडिएटर गळायला लागला की पाण्यात हळद टाकतात. ती जाऊन भोकात बसते, गळती थांबते, गाडी डेपोपर्यंत येते. सोनबाकडे येणारे निम्मे रेडिएटर हळदीनं भरलेले असतात. पण तिथं पाण्याची वाट बोटभर रुंद, इथं डबीत काडीएवढी.

सोनबा मागं वळला. तात्या दारात उभे होते.

"किती टाकली?"

"मूठभर," तात्या म्हणाले.

"तात्या," दिशाचा आवाज चढला, "मी सांगितलं होतं ना, झाकण कुणी उघडायचं नाही म्हणून. निदान मला सांगायचं तरी."

"मी लिवून ठिवलंय."

"काय लिहून ठेवलंय?"

"लॉगशीट बग."

माझं लक्ष तोवर दुसरीकडंच गेलं होतं. तात्यांनी काठी डाव्या हातात धरली होती. उजवा हात दाराच्या चौकटीला होता, आणि त्या हाताची नखं पिवळी होती. दोन दिवसांनीही. डावी नखं स्वच्छ. मला बरणीचं झाकण आठवलं. ते फडक्याशिवाय मला उघडत नाही. एका हातानं बरणी धरायची, दुसऱ्यानं झाकण पिळायचं, त्याशिवाय ते उघडणार कसं?

मी वही उघडली. गुरुवारचं पान. बिघाडाच्या रकान्यात मुंग्या चालत गेल्यासारखी अक्षरं होती, काही रेघेच्या वर, काही खाली, आणि कागदभर पिवळे ठसे. मला वाचायला वेळ लागला.

"काय लिवलंय?" सोनबानं विचारलं. गावाचं नाव नसल्यामुळं त्याला वाचता येत नव्हतं.

मी मोठ्यानं वाचलं. "रेडेटर गळती. एक थेंब. हळद टाकली."

आणि शेवटच्या रकान्यात ‘धोंडीबा’.

दिशानं वही माझ्या हातातून घेतली, पाहिली आणि तिथंच स्टुलावर बसली. सोनबानं तिच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. बाकीचं त्याला वाचता येत नव्हतं, पण ही सही त्यानं भिगवणला वर्षानुवर्षं बघितली होती. बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, "टप आर्धाच हाय."

रेघ खरंच ‘डी’पर्यंत जाऊन थांबली होती.

"व्हईल," तात्या म्हणाले. थोड्या वेळानं, "हात दमला मग."

थेंब खरा होता. बरणीच्या तळाच्या जोडाखाली कागदावर रुपयाएवढा डाग पडलेला आम्हाला नंतर सापडला. गुरुवारी सकाळी मी कागद बघायला विसरले होते. चूक माझी होती, तात्यांनी बघितला. ड्रायव्हरनं गळती बघितल्यावर जे करायचं ते केलं, आणि केलेलं लपवायचं नाही म्हणून लिहिलं. नंतर फेरी सुरू केली तर गाडी बंद पडली, तेव्हा आपल्या हातून पोरीचं नुकसान झालं म्हणून भिंतीकडे तोंड करून पडले. आपण कुठल्या हातानं काय केलं हे त्यांच्या तरी तेव्हा ध्यानात आलं होतं का, देव जाणे. विचारलं तर म्हणतात, "गळत हुतं. बघत बसू का?"

डबी मी चिंचेच्या पाण्यात भिजत घातली. सोनबानं तार घालून घालून काडीएवढ्या वाटा मोकळ्या केल्या. बरणीचा जोड तपासला आणि हसायला लागला. "गळती मातर बसलीय, तात्या. पक्की." तरी त्यानं तो जोड बदलला. दिशानं बटण दाबलं. कॉम्प्युटर सुरू झाला. तिनं बरणीवर चिठ्ठी डकवली, ‘हळद टाकू नये’. खाली तिनं तात्यांची सही घेतली. या वेळी टप ‘बा’पर्यंत गेला.

जूनमध्ये आम्ही बँकेत गेलो. सोनबाही आला, म्हणे त्यालाही काम होतं. खिडकीमागचा तोच माणूस. त्यानं पॅड काढलं नाही, पेन पुढं केलं, मला वाटतं माझ्या चेहऱ्यावरून ओळखलं असावं. तात्यांनी काठी माझ्याकडे दिली. सही व्हायला वेळ लागला. त्या माणसानं जुन्या सहीशी ताडून पाहिलं, मान तिरकी करून परत पाहिलं आणि म्हणाला, "तात्या, रेघ थोडी कमी आहे, पण तुमचीच आहे." शेजारच्या खिडकीवर सोनबानं आपल्या स्लिपवर झोकात ‘निरवांगी’ लिहिलं.

तात्या आता उजव्या हातानं भाकरी मोडतात. चहाचा कप अजून डाव्यातच असतो. डॉक्टरांनी मला विचारलं, तुम्ही काय काय केलंत? मी सांगितलं, त्यांनी चष्मा काढून पुसला. दर शनिवारी तात्या फिरत फिरत भिगवण रस्त्याला जातात. खिशात खडू असतो. दुकानाच्या पत्र्यावर ते ‘सोनबा रेडिएटर’ असं लिहितात, वर लांब रेघ. आठवडाभरात ट्रकच्या धुळीनं ते पुसून जातं, पुन्हा शनिवारी लिहितात. हाताला व्यायाम, असं सांगतात.

परवा मी सोबत गेले होते. सोनबा हौदात हात घालून बुडबुडे बघत होता. लिहून झाल्यावर तात्यांनी खडू त्याच्यापुढं धरला. "आता तू लिव. सोनबा. दोनच तर अक्षरं हायत, न्हाईत जड."

"तीन हायत," सोनबा म्हणाला. "मला निरवांगी येतंय की."

"त्ये गावाचं हाय. तुझं कुठाय?"

सोनबानं ओले हात लुंगीला पुसले, खडू घेतला आणि तात्यांच्या अक्षरांखाली, जरा जपून, पहिला ‘सो’ गिरवायला लागला.